आईची झोपही उपचारात धरावी लागते

“मी दोन तास माहेरी जाऊन बसले, तर ते दोन तास मी पोराच्या तोंडचे काढून घेतले असे वाटते.” स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आया ही टोचणी निरनिराळ्या शब्दांत बोलून दाखवतात. देवगड तालुक्यातील एका आईचा अनुभव ओळख पुसून आणि त्यांच्या संमतीने येथे मांडत आहे.

मुलगा सहा वर्षांचा, बोलणे मोजके, मध्यरात्री उठून घरभर फिरणारा. वडील मुंबईत नोकरीला, घरी सासूबाई. त्या आई मुलाच्या वागण्याची तपशीलवार वही घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. ती वाचण्याआधी मी त्यांना, आपण सलग किती तास झोपता, असे विचारले, तेव्हा त्यांना उत्तर देता आले नाही. जेवण, रडू येणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांविषयीही मी स्पष्ट विचारले. तसे विचार असते तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनामूल्य क्रमांक मी सर्वच पालकांना लिहून देते.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरले, झांजांच्या आवाजाने मुलगा कान दाबून किंचाळू लागला, आणि आरती संपताच कोणी मोबाइलला, कोणी गरोदरपणी न पाळलेल्या ग्रहणाला दोष दिला. असा दोष केवळ आपल्याकडेच दिला जातो असे नाही. आईच्या कोरड्या वागण्यामुळे स्वमग्नता येते, असे अमेरिकेतील नामांकित तज्ज्ञही एके काळी सांगत. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये ते मत सप्रमाण खोडून काढले. मेंदूच्या जडणघडणीतील या वेगळेपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे मी सासूबाईंना समोर बसवून सांगितले, कारण सुनेने सांगितले असते तर ती सबब ठरली असती.

आधी रात्रीच्या झोपेचा प्रश्न हाती घेतला. स्वमग्न मुलांत झोपेच्या तक्रारी पुष्कळ आढळतात आणि त्यांमागे कधी बद्धकोष्ठता, कधी दातदुखी असते, म्हणून मुलाची बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. सासूबाई नातवाला सांभाळायला घाबरत असत, परंतु त्या माडाच्या झावळ्यांचे हीर (काड्या) काढायला बसल्या की तो शेजारी येऊन ते हीर एका रांगेत लावत बसे. तेच काम रोज सायंकाळी दोघांचे ठरले. मोकळ्या झालेल्या वेळात आई सुरुवातीला भांडी घासू लागल्या, तेव्हा मला थोडे कठोर होऊन नाही म्हणावे लागले. विश्रांतीचा वेळ घरकामाने भरून काढण्याची सवय आपल्या बायकांच्या अंगी इतकी मुरलेली असते की ‘स्वतःकडे लक्ष द्या’ असे नुसते सांगून काही हाती लागत नाही. कोणते काम कोण करणार, हे नावानिशी ठरवावे लागते.

वडील रोज फोनवर “आज काय नवीन शिकला?” असे विचारत, आणि ती बिचारी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरे देई. म्हणून वडिलांना मी कागदपत्रांचे काम दिले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांग प्रमाणपत्र मिळवता येते. केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. आणि मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. “आमच्यामागे याचे कोण?” हा घोर अशा कागदांनी मिटत नाही, पण निदान तो एकट्या आईच्या उशाशी राहत नाही.

आता त्या बहुतेक रात्री सलग झोपतात. टोचणी अजून आहे, तरी आठवड्यातून एकदा त्या माहेरी जातात. पुढच्या भेटीला त्यांच्या धाकट्या जावेला बोलावले आहे, कारण सासूबाईंचे गुडघे दुखू लागले आहेत आणि सायंकाळच्या त्या वेळेसाठी घरातले आणखी एक माणूस तयार करावे लागेल.