सूज उतरली, पण चालायचे कधी?

प्रश्न : पायरी चुकून माझे पाऊल मुडपले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. मात्र एमआरआयमध्ये पावलाच्या मधल्या सांध्यातील लिगामेंटला इजा झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया न करता सहा आठवडे प्लास्टर ठेवून पायावर अजिबात भार देऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तीन आठवड्यांतच सूज उतरली आणि दुखणेही थांबले. आता थोडे चालले तर चालेल का?

उत्तर : नाही, अजून चालू नये. सूज लवकर उतरते, परंतु लिगामेंटचे तंतू भार पेलण्याइतके घट्ट होण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. या दुखापतीला एका फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावरून लिस्फ्रांक दुखापत म्हणतात. पावलाच्या आतील बाजूचे पाचरीसारखे हाड आणि अंगठ्याशेजारच्या बोटामागील लांब हाडाचे मूळ यांना बांधणारे हे लिगामेंट कमानीचा आधार असते; ते सैल राहिले, तर चालताना हाडे किंचित सरकत राहतात आणि पुढे कमान खचून सांध्याची झीज होते.

शस्त्रक्रिया टाळता येते ती सांधा स्थिर असेल तरच, आणि हे झोपून काढलेल्या एक्स-रेवरून नेहमी कळत नाही, कारण भार नसताना हाडे जागच्या जागी दिसू शकतात. म्हणून सोसवेल तेव्हा दोन्ही पावलांवर उभे राहून एक्स-रे काढतात आणि हाडांमधील अंतर दुसऱ्या पावलापेक्षा साधारण २ मिलिमीटरहून अधिक वाढले आहे का, ते पाहतात. तसा एक्स-रे झाला आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. आपण विचारलेल्या प्रश्नापेक्षा मला हा अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्लास्टर निघाल्यावर सहसा गुडघ्याखालपर्यंतचा आधार देणारा बूट वापरून, कुबड्यांच्या मदतीने भार हळूहळू वाढवतात. त्यानंतर कडक तळव्याचे, आत कमानीला आधार असलेले बूट घालावे लागतात. एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम बराच उशिरा येतो, कारण त्यात नेमका याच सांध्यावर जोर पडतो. धावण्या-उड्या मारण्यास बहुधा चार ते सहा महिने लागतात. धूम्रपान करीत असाल तर ते थांबवावे, कारण त्याने ऊती भरून येण्यास विलंब होतो.

प्लास्टर असताना पोटरी दुखू लागली, पाय नव्याने सुजला किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.