‘तीफो’, ‘तिफोसी’ आणि टायफॉइड

प्रश्न थोडक्यात असा होता: कोलकाता डर्बीच्या, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल फुटबॉल मॅचच्या बातमीत वाचलं की फॅन्सनी स्टँडमध्ये भलामोठा ‘टिफो’, म्हणजे स्टँडभर पसरणारं बॅनर, उलगडला, आणि दुसरीकडे फॉर्म्युला वन रेसिंगमधल्या फेरारी टीमच्या लाल झेंडेवाल्या पब्लिकला ‘टिफोसी’ म्हणतात. हे दोन्ही एकाच शब्दातून आलंय का, त्याचा टायफॉइडशी संबंध आहे असं कुणीतरी म्हणालं ते खरं की नुसतं व्हॉट्सॲपवरचं, आणि मराठीत लिहायचं झालं तर काय लिहावं?

टायफॉइडचा संबंध खरा आहे. इटालियनमध्ये ‘तीफो’ हा मुळात रोगाचा शब्द, आणि आजही तो रोगाचा शब्द आहेच. दवाखान्यात तीफो म्हणजे टायफस किंवा टायफॉइड, बोलताना दोन्हीला तोच शब्द चालतो, आणि स्टेडियममध्ये तीफो म्हणजे आपल्या टीमचं वेड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ धूर, धुकं, आणि त्यावरून डोक्यात धूर भरल्यासारखी गुंगी. टायफसमध्ये ताप डोक्यात चढतो, माणूस गुंगीत जातो, बरळायला लागतो, म्हणून आपल्याकडे जुन्या वैद्यकीय मराठीत त्याला प्रलापक ज्वर म्हणायचे, म्हणजे बडबडायला लावणारा ताप, आणि टायफॉइड हे नाव तर ‘टायफससारखा’ एवढ्याच अर्थाचं आहे. आता नव्वदाव्या मिनिटाला पेनल्टी नाकारल्यावर स्टँडमधला माणूस कसा दिसतो ते आठवा, डोळे लाल, घसा बसलेला, शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून काहीतरी सांगत सुटलाय. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या दशकाच्या आसपास खेळाच्या लिखाणात हा शब्द या अर्थाने रुळला, आणि तेव्हाच्या वाचकाला हा ताप पुस्तकातून माहीत नव्हता, घरादारात बघितलेला होता, हे लक्षात घेतलं तर त्या शब्दाला किती धार असेल ते कळतं.

आता ‘तिफोसो’. इटालियन ‘-ओझो’ किंवा ‘-ओसो’ हा प्रत्यय लॅटिनमधून आलाय, अर्थ ‘त्या गोष्टीने भरलेला’. आपल्याकडे याला तंतोतंत प्रत्यय आहे, -ग्रस्त. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, तसा तिफोसो म्हणजे ज्वरग्रस्त. मला या शब्दात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच की त्यात माणसाने काही निवडलेलं नाहीये. चाहता चाहतो, म्हणजे क्रियापदाचा कर्ता तो. ज्वरग्रस्त माणूस काही करत नाही, त्याला झालेलं असतं.

एक व्याकरणाची गोष्ट सांगतो कारण मराठी बातम्यांमध्ये ‘टिफोसीज’ असं अनेकदा दिसतं आणि ‘मी एक टिफोसी’ असंही. तिफोसी हे आधीच अनेकवचन आहे. एक पुरुष तिफोसो, अनेक तिफोसी, एक बाई तिफोसा, अनेक बायका तिफोसे. हे लक्षात ठेवायला आपल्याला अजिबात जड जाऊ नये, घोडा-घोडे घोडी-घोड्या म्हणणारी माणसं आपण, आणि ज्यांच्या घरी मालवणी किंवा कोंकणी बोलतात त्यांना तर एकवचनातला ‘ओ’ सुद्धा घरचाच वाटेल, घोडो-घोडे. उच्चाराचं म्हणाल तर इटालियन ‘त’ हा दाताला जीभ लावून म्हणतात, आपला ‘त’, त्यामुळे ‘टिफो’पेक्षा ‘तीफो’ बरोबर, ‘टोरिनो’पेक्षा ‘तोरीनो’ बरोबर. इंग्रजीत टी दिसला की आपण ट लिहितो, पण इथे देवनागरीत नेमकं अक्षर असताना ते का सोडायचं.

मी कामानिमित्त दोन वर्षं तोरीनोत होतो, मराठी पेपरात ज्याला ट्युरिन लिहितात ते. तिथे कॉफी काउंटरपाशी उभ्याउभ्या पितात आणि काउंटरच्या बाजूला जो आइस्क्रीमचा फ्रीझर असतो त्याच्या काचेवर गुलाबी रंगाचा पेपर पसरलेला असतो, ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’. हा पेपर १८९६ साली निघाला, आधी हिरव्या कागदावर छापायचे, १८९९पासून गुलाबी, आणि १९०९ साली याच पेपरने ‘जीरो द’इतालिया’ ही सायकल रेस सुरू केली, म्हणून त्या रेसमध्ये सगळ्यात पुढे असलेल्या रायडरची जर्सी आजही गुलाबी असते. तर सोमवारी सकाळी त्या फ्रीझरभोवती चार माणसं वाकलेली, आणि पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने मला विचारलं, “पेर की तीफी?” शब्दशः म्हणजे ‘तू कुणासाठी तापतोस?’ कारण तीफोवरून ‘तिफारे’ असं क्रियापदही झालंय. मला एकदम आपलं लहानपणचं आठवलं, टीव्हीसमोर बसल्याबसल्या पहिला प्रश्न, “तू कोणाकडून?” आपल्याकडे सगळं काम त्या ‘कडून’ने होतं, वेगळं क्रियापद लागतच नाही.

मी म्हटलं फुटबॉलचं तितकंसं नाही, आमच्याकडे क्रिकेट. तर तो म्हणाला मग तू जेनोवाच्या टीमचा हो, त्यांच्या नावात क्रिकेट आहे. आणि खरंच आहे. १८९३ साली इंग्रजांनी स्थापन केलेला तो क्लब, आजही पूर्ण नाव जेनोआ क्रिकेट अँड फुटबॉल क्लब. शहराचं इटालियन नाव जेनोवा, क्लबचं नाव इंग्रजी पद्धतीचं जेनोआ. तसंच शहर मिलानो पण क्लब मीलान. फॅसिस्ट राजवटीत ही इंग्रजी नावं सक्तीने बदलायला लावली होती, नंतर क्लबांनी ती परत घेतली. कोचला तर अजूनही ‘मिस्टर’ म्हणतात, १९१२मध्ये जेनोआत आलेल्या विल्यम गार्बट या इंग्रज कोचपासून हे सुरू झालं असं सांगतात, आज कोच पक्का इटालियन असला तरी खेळाडू त्याला मिस्टरच म्हणणार.

खेळाचं नाव मात्र इंग्रजी राहिलं नाही. जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज सगळ्यांनी फुटबॉल हाच शब्द घेतला किंवा भाषांतर केलं, इटलीत १८९८ साली फेडरेशन झालं तेव्हा नावात फुटबॉल होतं पण १९०९ साली ते बदलून ‘काल्चो’ केलं. काल्चो म्हणजे लाथ. हा शब्द त्यांनी फिरेंझेच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या जुन्या खेळातून उचलला, जो आजही जूनमध्ये सांता क्रोचे चौकात वाळू पसरून खेळतात, शहराच्या चार भागांच्या चार टीम, एकेका बाजूला २७ जण, ५० मिनिटं, आणि त्यात लाथेपेक्षा गुद्दे आणि कुस्तीच जास्त. १७ फेब्रुवारी १५३० रोजी पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने शहराला वेढा घातलेला असताना, लोक उपाशी असताना, त्यांनी शत्रूच्या नाकावर टिच्चून हा खेळ खेळला, आणि ती आठवण ते शहर अजून सांगतं. (गंमत म्हणजे कॅल्शियमलाही इटालियनमध्ये काल्चोच म्हणतात, ब्लड रिपोर्टवर पहिल्यांदा तो शब्द बघितला तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो होतो.)

बरं, बॅनरकडे येऊ. स्टँडभर उलगडतात ते चित्र, हजारो लोकांनी एकाच वेळी वर धरलेले रंगीत कागद, याला इटलीत तीफो म्हणत नाहीत. तिथे त्याचं नाव ‘कोरेओग्राफीया’, आपल्या नाचातली कोरिओग्राफी तीच. हे सगळं मुख्यतः गोलच्या मागच्या गोलाकार स्टँडमध्ये होतं, ज्याला ‘कूर्वा’ म्हणतात, म्हणजे वळण, आणि त्यासाठी महिनाभर आधीपासून शिवणकाम, रंगकाम चालतं. इटलीबाहेर, स्वीडनसारख्या देशांत, लोकांनी इटालियन फॅन्सचं बघून ते सुरू केलं तेव्हा त्या प्रकारालाच तीफो नाव पडलं, तिथून ते इंग्रजीत आणि इंग्रजीतून कोलकात्यात, कोचीत आणि आपल्या बातम्यांत. म्हणजे तापाचं नाव तापाच्या एका लक्षणाला मिळालं. हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, शब्द प्रवासात अर्थ बदलतातच, फक्त इटालियन माणसाशी बोलताना ‘किती सुंदर तीफो’ म्हणालात तर तो तुमच्या गाण्या-ओरडण्याबद्दल समजेल, कापडाबद्दल नाही.

तीफोचा एक उलटा शब्दही आहे, तो कुणी विचारला नव्हता पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘गुफारे’. ‘गूफो’ म्हणजे घुबड, आणि गुफारे म्हणजे घुबडपणा करणे, दुसऱ्याची टीम हरावी म्हणून मनातून वाईट चिंतत मॅच बघत बसणे. आपली टीम खेळतच नाहीये, तरी शेजारच्या टीमची मॅच लावायची आणि दीड तास त्यांचं वाटोळं व्हावं म्हणून बसायचं. घुबड अशुभ हे तिथेही आणि इथेही, पण आपण त्याचं क्रियापद केलं नाही. पनवती म्हणतो, दृष्ट लावली म्हणतो, पण पनवती ज्याच्या असण्यानेच अपशकुन होतो तो, त्याचा हेतू असेलच असं नाही. गुफारेमध्ये हेतू आहे, कष्ट आहेत. मराठीत ‘घुबडणे’ असं क्रियापद करायला काय हरकत आहे, मला तरी ते पहिल्यांदा ऐकूनच कळलं असतं.

आता मराठीत काय लिहावं. ‘चाहता’ मला कमी पडतो, चाहता दोन-तीन टीमचा एकदम असू शकतो. ‘समर्थक’ला राजकारणाचा वास येतो. ‘पाठीराखा’ छान शब्द आहे पण त्यात राखणारा बलवान वाटतो, देव पाठीराखा असतो, आणि तिफोसोची अवस्था अगदी उलटी. ‘क्रिकेटवेडा’, ‘फुटबॉलवेडा’ जवळ जातात, आपल्या पेपरांत ‘वर्ल्ड कपचा ज्वर’ तर दर चार वर्षांनी चढतोच, तरी एक फरक राहतो. क्रिकेटवेड्याचं वेड खेळाचं असतं. तिफोसोला खेळ आवडतो की नाही हा वेगळा मुद्दा, त्याला एक टीम झालेली असते. खेळ म्हणून खेळावर प्रेम करणाऱ्याला इटालियनमध्ये वेगळे शब्द आहेत, ‘स्पोर्तीवो’, ‘आपास्सियोनातो’, आणि कट्टर तिफोसोला तुम्ही स्पोर्तीवो म्हणालात तर त्याला ते कौतुक वाटेलच असं नाही.

हा फरक मला सुपेर्गावर कळला. तोरीनोच्या बाहेर टेकडीवर सुपेर्गाचं मोठं चर्च आहे. ४ मे १९४९ला लिस्बनहून मैत्रीपूर्ण मॅच खेळून परतणारं तोरीनो क्लबचं विमान धुक्यात त्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळलं, ३१च्या ३१ माणसं गेली, त्यात १८ खेळाडू. ही तेव्हाची इटलीतली सगळ्यात मोठी टीम, दोनच वर्षांपूर्वी हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरांपैकी दहा जण याच क्लबचे होते. त्या सीझनच्या उरलेल्या चार मॅच क्लबची तरुण पोरं खेळली आणि समोरच्या क्लबांनीही आपली तरुण पोरंच उतरवली, आणि लीग तोरीनोचीच झाली. दरवर्षी ४ मेला लोक टेकडी चढून जातात आणि आत्ताच्या टीमचा कॅप्टन तिथल्या स्मारकाच्या दगडासमोर उभा राहून एकेक नाव मोठ्याने वाचतो. मी गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, हजारो माणसं आणि नावांमधल्या जागेत फक्त छत्र्यांवरचा आवाज. माझ्या शेजारी ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा होते, डाळिंबी रंगाचा मफलर, तो त्या क्लबचा रंग. कॅप्टन वाचायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते, पुढचं नाव त्यांच्याकडे आधीच तयार असायचं. उतरताना मी त्यांना माझ्या नव्या शिकलेल्या इटालियनमध्ये विचारलं, तुम्ही तोरीनोसाठी तिफारे करता का? ते म्हणाले, “सोनो देल तोरो.” तोरो म्हणजे बैल, क्लबचं लाडकं नाव. वाक्याचा अर्थ, मी तोरोचा आहे.

क्रियापद त्यांनी घेतलंच नाही, षष्ठी घेतली. आणि हे तर आपण करतोच. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅच असतात तेव्हा कुणी ‘मी पाटाकडील तालमीचा समर्थक’ म्हणत नाही, ‘आम्ही पाटाकडीलचे’, ‘आम्ही खंडोबाचे’ एवढंच म्हणतात. आयपीएलमध्ये तेच काम ‘-वाला’ करतो, ‘तो कट्टर सीएसकेवाला आहे’. म्हणून माझं मत असं की बातमीत ‘तिफोसी’ ठेवायचा असेल तर ठेवा, अनेकवचनातच ठेवा आणि त लिहा. बॅनरला ‘तीफो’ म्हणायचं असेल तर म्हणा, आता ते रुळलंय. पण भाषांतर करायचं असेल तर ‘फेरारीचे चाहते मोंझाला (इटलीतल्या रेसिंग ट्रॅकवर) जमले’ असं करू नका, ‘फेरारीवाले मोंझाला जमले’ असं करा.