अभयारण्यातल्या पायवाटांची ओढ

पुण्याहून गाडीने थेट गाठता येणारे गड असताना लोक परवानगी, शुल्क आणि वेळेची बंधने सोसून अभयारण्यातल्या पायवाटा का तुडवतात, असे आपण विचारले आहे. गेली बारा वर्षे मी या वाटांवर जात असल्याने स्वतःच्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिल्या खेपेला बहुतेकांना ओढून नेतो तो गड किंवा देव. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकरला चढणाऱ्या अनेकांच्या मनात ज्योतिर्लिंगाचे दर्शन असते. वाटेत शेकरू दिसले तर तो अधिकचा आनंद. मित्रांची सोबत, व्यायाम, छायाचित्रे ही कारणेही खरी आहेत, मात्र तेवढ्यासाठी सिंहगड पुरतो.

त्याच रानात पुन्हा येणारा माणूस वेगळ्या कारणाने येतो, असे माझे मत आहे. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजेच 2010 मध्ये जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशय बोटीने ओलांडायचा, जिथून गाव उठले त्या मेट इंदवलीपासून गर्द झाडीतून चढायचे आणि अंधारापूर्वी परतायचे, कारण गडावर मुक्कामाला बंदी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा ही बंदी मला जाचक वाटली होती. पुढे ध्यानात आले की, ज्या अनुभवासाठी मी परत परत जात होतो, तो या बंदीमुळेच शिल्लक राहिला होता. वाटेवर गव्याचे ताजे शेण दिसले की बोलणे आपोआप थांबते, पाऊल जपून पडते, आणि पाचोळ्यातली एरवी कानावरून गेली असती अशी खसखसही नेमकी कुठून आली, हे कळू लागते. शहरात माझे लक्ष दिवसभर दहा ठिकाणी विखुरलेले असते. त्या चढणीवर ते तीन-चार तास एका जागी राहते. माझ्यासोबत पुन्हा येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वेगवेगळ्या शब्दांत मला हेच सांगितले आहे. गडावरून दिसणारा बाबूकडा अप्रतिम आहे, तरी त्याच्याविषयी ते क्वचितच बोलतात.

आपण जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळावा आणि चार-पाच जणांहून मोठा गट करू नये. पंचवीस जणांसोबत गेलो होतो, त्या दिवशी मला गव्याचा मागही दिसला नव्हता.