जमिनीतली ओल

प्रिय बाळा,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. लगेच लिहिता आलं नाही, कारण "देवानं बाबांनाच का नेलं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आपल्याकडे आहे असं जो सांगेल त्याचं फार मनावर घेऊ नकोस. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणं सांगायला तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

दफनविधीच्या वेळी कुणी तुला संत्र्याच्या ताणाचा दाखला दिला म्हणतोस. मी काटोलकडे बगीच्यात वाढले, म्हणून बोलते. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्यालाच ताण म्हणतात; पानं मलूल होतात, पाऊस लागला की फूल येतं. हे खरं आहे. पण बाप गेलेल्या पोराला "देवानं तुला ताणावर सोडलंय" म्हणणं मला पटत नाही. बहार यावा म्हणून देव घरातलं माणूस नेतो, असं मी मानत नाही. त्या दाखल्यातली एकच गोष्ट मला उपयोगाची वाटते. हलक्या जमिनीतलं झाड थोड्याच दिवसांत सुकायला लागतं, भारी काळ्या जमिनीतलं जास्त दिवस तग धरतं. मातीनं आधी किती ओल धरली, त्यावर सगळं असतं.

ती ओल साध्यासुध्या दिवसांत साठते. रोज सकाळी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाच, मोठ्यानं, मन लागो न लागो. आवडीची निवडू नकोस, रोज एक अशी सगळी १५० ओळीनं वाच. म्हणजे रडणारी, देवाशी भांडणारी स्तोत्रंही वाटेत येतील. ८८ वं तर काळोखातच संपतं, शेवटी धीराची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. तेव्हा तुझा राग प्रार्थनेच्या बाहेर ठेवू नकोस.

आता तू म्हणशील, ओल साठवायच्या आधीच माझा उन्हाळा आला. माझंही तसंच झालं होतं. यजमान अकरा महिने अंथरुणाला खिळले होते आणि माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघत नसे. चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी मावशी भर मे महिन्यात नागपूरच्या सदर भागात आमच्या घरापर्यंत पायी यायची, आमच्या कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकायची आणि स्तोत्र वाचायची. मी नुसतं "आमेन" म्हणायची, कधी तेही नाही. यजमान बरे झाले नाहीत. त्या वर्षी माझा विश्वास माझ्यापाशी नव्हताच, तिनं तो सांभाळून ठेवला होता. एकट्यानं टिकवायची ही गोष्ट नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं त्यांचं काम तेव्हा चालू होतं. ते त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा ते पुरं झालं होतं. लोक त्यांची विद्वत्ता सांगतात. मला मात्र मुलगी गेल्यानंतरचे ते शेवटचे महिने दिसतात, दुःख पोटात घेऊन रोज पुन्हा उघडलेली ती पानं दिसतात.

रविवारी उपासनेला ये. गाणं जमलं नाही तरी चालेल, मागच्या बाकावर माझ्याशेजारी बस. आईलाही आण, जेवायला दोघं माझ्याकडेच थांबा.

आणि मंगळवारी संध्याकाळी ऊन उतरलं की मी तुमच्याकडे येते. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. स्तोत्र मी वाचीन.

तुझी,
मावशी