फॉर्म पोचला, फोटो अर्धेच

प्रश्न: आमच्या सर्व्हे अ‍ॅपमधून एक फॉर्म आणि 5 फोटो वेगवेगळ्या रिक्वेस्टने जातात, रेंज गेली की फॉर्म पोचतो नि फोटो दोनच. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसात एकतर सगळं जमा, नाहीतर काहीच नाही) कसं बसवायचं?

उत्तर: पहिल्या तुकड्याला (फॉर्म किंवा फोटो) बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू, आणि शेवटच्याला कमिट, म्हणजे पक्कं, असं अजिबात करू नका, रेंज येईपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन अडकून बसतं, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डिफॉल्ट मर्यादा साधारण 100 कनेक्शनची, ती संपली की सगळ्यांचंच काम ठप्प. त्यापेक्षा फोनवरच फॉर्मला युयुआयडी (एकमेव ओळख क्रमांक) द्या, येईल तो तुकडा त्याखाली कच्च्या टेबलात टाकत जा, आणि युयुआयडी अधिक तुकडा क्रमांक यावर युनिक (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेण्याची अट) लावा म्हणजे अ‍ॅपने तोच फोटो परत पाठवला तरी डबल एन्ट्री होत नाही. सगळे आले, चेकसम (फाइल नीट आली का हे तपासायचे आकडे) जुळले, की मगच एक छोटं ट्रान्झॅक्शन: पक्क्या टेबलात इन्सर्ट, कमिट, संपलं. तोवर फोनमधला डेटा काढायचा नाही म्हणजे नाही, कुणीतरी उन्हात दारोदार फिरून तो भरलाय हो! फोटो डिस्कवर ठेवत असाल तर रोलबॅकने (ट्रान्झॅक्शन मागे घेतल्याने) फाइली पुसल्या जात नाहीत, हे लोक हमखास विसरतात, त्यासाठी रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून जुने बेवारस तुकडे काढत चला.