बोगनवेल का फुलत नाही?

या महिन्याच्या पत्रांत बोगनवेलीच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत. त्यांतली सहा पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : गच्चीवर १४ इंची कुंडीत बोगनवेल आहे. तीन वर्षांत सहा फूट वाढली, पाने हिरवीगार, पण फुले एखाददुसरीच. रोज पाणी घालते, महिन्याला शेणखत आणि चमचाभर युरिया देते. आता मोठी कुंडी घ्यावी का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : कुंडी बदलू नका. मुळांनी कुंडी गच्च भरली की ही वेल जास्त फुलते. बदलायचे ते रोजचे पाणी आणि युरिया. ओल आणि नत्र मुबलक मिळत राहिले तर तिला फुलायची गरजच वाटत नाही, ती नुसत्या फांद्या काढत राहते. आधी ऊन मोजा. कुंडीवर किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. भिंतीआडचा नुसता उजेड पुरत नाही आणि तिथे पुढचा कोणताही उपाय चालणार नाही.

डाळिंब-संत्र्याच्या बागेत बहार धरताना जो ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, तोच कुंडीच्या मापाने द्यायचा. ऑक्टोबरात पाऊस पुरता थांबला की सगळ्या फांद्या एक-तृतीयांश कापा. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीला घाबरू नका. पुढचे दोन-तीन आठवडे नेहमीसारखे पाणी द्या. फूट वीतभर झाली की शेंडे खुडा आणि मग पाणी तोडा.

आता पानांकडे बघायचे, पण दुपारी नाही. भर उन्हात पाने मलूल होतातच, संध्याकाळी सावरतात. सकाळी सातलाही ती लोंबलेली दिसली, तर अर्धा लिटर पाणी द्या आणि पुन्हा थांबा. असे तीन-चार आठवडे चालवा. पानांच्या बेचक्यात बारीक कळ्या दिसल्या की त्याच दिवशी ताण संपवा आणि कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी घाला. कळ्या दिसूनही कोरडे ठेवले तर त्या गळतात. बहुतेकांचा ताण वाया जातो तो इथे. त्यानंतर वरची दोन इंच माती कोरडी झाली की पाणी, हा नेम ठेवा. खत म्हणून ०:५२:३४ (नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. शेणखत वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाला पुरे.

लहान दिवस आणि स्वच्छ ऊन या जोडीवर बोगनवेल चांगली फुलते, म्हणून हा खटाटोप दिवाळीच्या सुमारास करायचा. जूनमध्ये ताण द्यायला जाल तर पाऊस तो मोडणारच.

प्रश्न : कंपाउंडच्या कडेला जमिनीत लावलेली वेल एप्रिल-मेमध्ये राणी रंगाने भरते, पण जुलैत पाने पिवळी पडून गळतात. गेल्या पावसात दोन जाड फांद्या कापाच्या जागेपासून काळ्या पडत वाळल्या. छाटणी केव्हा करावी?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भर पावसात अजिबात नाही. ओल्या कापातून बुरशी आत शिरते आणि फांदी वरून खाली वाळत येते. मेअखेरीस फक्त वाऱ्यात अडकतील अशा लांब काठ्या कापा. मोठी छाटणी ऑक्टोबरात करा. वाळलेली फांदी आतले लाकूड पांढरे दिसेपर्यंत खाली कापून काढा आणि अंगठ्यापेक्षा जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा.

घरगुती प्रमाण असे : १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. भांडी प्लास्टिकची घ्या. तयार मिश्रणात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. आंबा बागायतदारांना हे नवे नाही.

पाने पिवळी पडतात ती बुंध्याशी पाणी तुंबल्यामुळे. खाली जांभ्याचा कातळ असेल तर खड्डा पाण्याची टाकी होतो. बुंध्यापासून दोन फुटांवर उताराच्या बाजूने फूटभर खोल चर काढून पाणी बाहेर काढा. नवी वेल लावताना मात्र खड्ड्याऐवजी दीड फूट उंचीचा वरंबा करा.

प्रश्न : रोपवाटिकेतून फुललेली बोगनवेल आणली, त्याच दिवशी कुंडीत लावली. आठवड्यात सगळी फुले गळाली, महिन्यात रोप गेले.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा पिशवी ओढून काढताना मातीचा गोळा फुटला. हिची मुळे अतिशय नाजूक, गोळ्याबरोबर तुटतात. पिशवी ब्लेडने बाजूने आणि तळाला चिरायची, गोळा दोन्ही हातांनी तसाच कुंडीत ठेवायचा. मुळे मोकळी करायच्या फंदात पडू नये. दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जुने शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण चालते. काळी माती नको. लावल्यावर दहा दिवस अर्ध्या सावलीत ठेवा. भर बहरातले रोप आणले असेल तर बहर ओसरेपर्यंत पिशवीतच राहू द्या.

प्रश्न : फांद्या लावल्या, सर्वांना पाने फुटली, तरी तीन आठवड्यांनी सुकल्या.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : पाने फुटली म्हणजे मुळे आली असे नाही. काडीतल्या साठ्यावर पाने आधी निघतात, मुळांना सहा ते दहा आठवडे लागतात. पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंच लांब, ना कोवळी ना जून अशी काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या (पान फुटते त्या गाठीच्या) लगेच खाली, तिरका. रूटिंग पावडर लावून वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे भरलेल्या रोपाच्या पिशवीत रोवा आणि वर पारदर्शक पिशवी झाका. उपटून बघू नका, खालच्या पिशवीच्या तळाशी मूळ दिसेपर्यंत थांबा. गुच्छासारख्या दुहेरी जाती काडीने सहज लागत नाहीत. त्यांना पावसाळ्यात गुटी कलम करा, म्हणजे फांदी वेलीवर असतानाच तिला मुळे फोडा.

प्रश्न : पांढऱ्या कडेच्या पानांच्या वेलीला एक फांदी पूर्ण हिरव्या पानांची आली आहे. ठेवावी का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : आजच बुंध्यापाशी कापा. हिरव्या फांदीत हरितद्रव्य जास्त, ती जोमाने वाढते आणि हळूहळू सगळी वेल हिरवी करते. नवी रोपे करताना काडीही दुरंगी पानांच्या फांदीचीच घ्या. आणखी एक : पानांच्या कडांना कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसतात असेही तुम्ही लिहिले आहे. ते पानकापी मधमाशीचे काम. ती तुकडे घरट्यासाठी नेते, वेलीचे काही बिघडत नाही. फवारणी करू नका.

प्रश्न : इथल्या हिवाळ्यात कुंडीतली बोगनवेल कशी जगवावी?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जायच्या आत घरात घ्या, दक्षिणेकडच्या खिडकीशी ठेवा. पाने झडतील. ती झडली म्हणून पाणी वाढवलेत तर मुळे कुजतील. दोन-तीन आठवड्यांनी एक पेला पुरे, खत शून्य. नखाने साल किंचित खरवडून बघा, खाली हिरवे असेल तोवर वेल जिवंत आहे. थंडीची भीती गेल्यावर, साधारण मेच्या मध्यानंतर, बाहेर काढा. पहिला आठवडा सावलीत, मग उन्हात.