पॉझिट्रोनियम 142 नॅनोसेकंद टिकते, तर ते केळ्यातही तितकेच टिकते का?

आपण विचारले आहे की, केळ्यातील पोटॅशियममधून निघणारा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण, इलेक्ट्रॉन भेटताक्षणी नष्ट होतो का, आणि पॉझिट्रोनियम, म्हणजे या दोघांची अल्पकाळ बांधलेली जोडी, केळ्यातही 142 नॅनोसेकंद टिकते का. मी रावेर तालुक्यातील केळीबागायतदाराचा मुलगा आहे. परंतु हे उत्तर लिहावेसे वाटले ते 142 या आकड्यामुळे, कारण त्याच आकड्यापायी माझा प्रबंध एक वर्ष अडून राहिला होता.

142 नॅनोसेकंद हे ऑर्थो-पॉझिट्रोनियमचे, म्हणजे ज्यात दोन्ही कणांची फिरकी (स्पिन) एकाच दिशेला असते त्या प्रकाराचे, निर्वातातील सरासरी आयुष्य आहे. निर्वाताचा उल्लेख न करता तो आकडा शिकवणे हे विद्यार्थ्यांचे नुकसान करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

1994 साली मी बहुवारिकांतील (पॉलिमरांतील) पॉझिट्रॉनच्या आयुष्यावर काम करत होतो. आमच्याकडे ठिबकच्या नळ्या ज्या पॉलिएथिलीनच्या दाण्यापासून बनतात, तो काळा रंग मिसळण्यापूर्वीचा दाणा मी जळगावहून नेला, त्याच्या दोन चकत्या दाबून घेतल्या आणि त्यांच्यामध्ये सोडियम-22 चा स्रोत ठेवला. सोडियम-22 पॉझिट्रॉनबरोबर जवळजवळ त्याच क्षणी 1275 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतो, तो घड्याळ सुरू करतो; पुढे विलोपातून, म्हणजे पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करतात त्यातून, येणारा 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण ते थांबवतो. मोजलेल्या आयुष्यांतील सर्वांत दीर्घ घटक, म्हणजे ऑर्थो-पॉझिट्रोनियमचा, आला सुमारे 2.5 नॅनोसेकंदांचा. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, "पुस्तकात 142 आहे, तुमचे अडीच कसे?" आणि उत्तर पुरते ऐकून न घेता उपकरण सदोष असल्याचा शेरा लिहिला.

उपकरण सदोष नव्हते. त्याच घड्याळावर मी आधी तापवून सावकाश थंड केलेले ॲल्युमिनियम मोजले होते आणि तेथे अपेक्षित असलेले सुमारे 0.165 नॅनोसेकंदच आले होते. घड्याळ चुकत असते तर तेही चुकले असते. घडते ते असे: ऑर्थो अवस्थेतील पॉझिट्रोनियमने स्वतःच्याच इलेक्ट्रॉनबरोबर नष्ट व्हायचे तर तीन गॅमा किरण द्यावे लागतात, म्हणून ते रेंगाळते, परंतु बहुवारिकाच्या रेणूंमधील लहानशा पोकळीत ते भिंतींवर आदळत राहते आणि भिंतीतील विरुद्ध फिरकीचा एखादा इलेक्ट्रॉन त्यातील पॉझिट्रॉनला गाठून दोन किरणांत संपवतो. यालाच पिक-ऑफ म्हणतात. पोकळी जितकी मोठी, तितके आयुष्य अधिक. हा संबंध 1972 मध्ये ताओ यांनी मांडला आणि 1981 मध्ये एल्ड्रप व सहकाऱ्यांनी पुढे नेला. त्यानुसार माझे अडीच नॅनोसेकंद म्हणजे सुमारे 0.33 नॅनोमीटर त्रिज्येची पोकळी. ज्याला दोष ठरवले गेले, तेच मोजमापाचे फळ होते. पुढील वर्षी दुसऱ्या परीक्षकांनी तोच आलेख, एकही बिंदू न बदलता, स्वीकारला.

आता केळ्याविषयी. एका केळ्यात सेकंदाला सुमारे पंधरा पोटॅशियम-40 अणू विघटित होतात आणि त्यांपैकी लाखात एखादाच पॉझिट्रॉन देतो, म्हणजे दीड-दोन तासांत एखादा. तो गरात दोन मिलिमीटरच्या आत, काही पिकोसेकंदांत मंदावतो. भेटताक्षणी मात्र तो नष्ट होत नाही. वाटेत असंख्य इलेक्ट्रॉनांना चुकवून तो थोडा काळ भटकतो किंवा पॉझिट्रोनियम बनवतो. गर बहुतांशी पाणी असतो आणि पाण्यात ऑर्थो-पॉझिट्रोनियम सुमारे 1.8 नॅनोसेकंद टिकते, त्यावरून आपण अंदाज बांधावा.

आपल्या अध्यापकांनी 142 सांगितले असेल तर कोणत्या माध्यमात, हे त्यांना अवश्य विचारावे. आणि आपण स्वतः मोजमाप करणार असाल तर ॲल्युमिनियमची नोंद प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात द्यावी, परिशिष्टात नव्हे. मी ती परिशिष्टात दिली होती.

हेही ध्यानात असावे की पॉझिट्रोनियम सर्वत्र बनत नाही. धातूच्या अंतर्भागात मुक्त इलेक्ट्रॉनांची गर्दी पॉझिट्रॉनला झाकून टाकते आणि ही जोडी बांधलीच जात नाही. तेथे आयुष्य वाढलेले दिसले तर त्याचे कारण पॉझिट्रॉन एखाद्या रिक्त अणुस्थानी अडकला, हे असते. बहुवारिकातही विरघळलेला प्राणवायू ऑर्थो-पॉझिट्रोनियमचे आयुष्य कमी करतो, म्हणून माझे अडीच नॅनोसेकंद नमुना निर्वातात ठेवून घेतलेले आहेत. उघड्या हवेतील आकड्याशी त्याची तुलना करू नये.